दोन इंद्रियांचा आश्रित

देवघरातील शंखाला आपण रोज स्नान घालतो, त्यावर गंधफूल वाहतो. तुळजापूरच्या आराध्याच्या गळ्यातील कवड्यांची माळ दिसली की आपले हात आपोआप जोडले जातात. आणि गंडकीच्या खोऱ्यातल्या शाळिग्रामाच्या पोटात अश्मीभूत झालेल्या एका प्राचीन समुद्रजीवाचे कवच असते, असे भूगर्भशास्त्रज्ञांनी सांगितल्यानंतरही त्याच्या पूजेत कोणी खंड पाडलेला नाही. परंतु ही तिन्ही घरे ज्या मृदुकाय प्राण्यांनी आपल्याच शरीरातून स्रवलेल्या चुन्याने कणाकणाने बांधली, त्या प्राण्यांचा आपल्या आचारधर्मात काही विचार झालेला आहे काय, हा प्रश्न पूजेला बसलेल्या माणसाला सहसा पडत नाही. कारण शंख देव्हाऱ्यापर्यंत येतो तेव्हा त्यातील रहिवासी कधीच नाहीसा झालेला असतो, आणि रिकाम्या घराशी कोणाचे काही देणेघेणे उरत नाही. तो प्रश्न पडायला रहिवाशासकट शंख घरात असावा लागतो. आणि अलीकडे तसा तो पुष्कळ घरांत असतो.

आमचे खुर्सीपार हे या चिंतनाला तसे अनपेक्षित ठिकाण. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले (१९५१ साली मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटनही त्यांच्याच हस्ते झाले होते, हा योगायोग मला उगाचच आवडतो), आणि कारखान्याच्या निमित्ताने आंध्रातून, बिहारातून, ओडिशातून, विदर्भातून जी माणसे पोटापाण्यासाठी इकडे आली त्यांच्या वस्त्यांपैकी ही एक. येथे गाय बांधायला अंगण नाही आणि पाळीवर जाणाऱ्याला कुत्रा फिरवायला सवड नाही. म्हणून खिडकीशी वीस लिटरची काचेची टाकी येते, तीत प्रथम मासे येतात, ते मरतात, आणि मग कोणी जाणता सांगतो म्हणून बोटाच्या पेराएवढे लाल चेरी झिंगे आणि चकतीसारख्या शंखाच्या रॅम्सहॉर्न गोगलगायी येतात. माझ्याही खिडकीत अशी टाकी आहे. जो जीव आपल्याला ओळखत नाही, हाक मारली तर फिरून पाहत नाही, ज्याला सुख झाले की दुःख हे त्याच्या मुद्रेवरून कळत नाही, किंबहुना ज्याला मुद्राच नाही, अशा जीवाला काचेत ठेवून त्याचा योगक्षेम चालविणे ही दया म्हणावी की नुसती मालकी, याचा विचार तिच्याकडे पाहताना टाळता येत नाही.

या बाबतीत आपल्या देशात सर्वांत काटेकोर विचार जैनांनी केला, हे कोणीही मान्य करील. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध (येथे अर्थ मारहाण), छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. जीव घेणे येथे अभिप्रेत नाही, तो तर व्रताचा भंगच. जीव न घेताही व्रताला जो डाग लागतो त्याची ही मोजदाद आहे, आणि त्या मोजदादीत सर्वांच्या आधी बांधून ठेवण्याचे नाव आहे. सूत्रकाराच्या डोळ्यांसमोर अर्थातच गोठ्यातील बैल असणार, काचेतील झिंगा नव्हे. परंतु कलम एकदा लिहिले गेले की त्याचा अंमल लिहिणाऱ्याच्या गोठ्यापुरता राहत नाही. टाकी मांडणाऱ्याने पहिला अतिचार पहिल्याच दिवशी पत्करलेला असतो, आणि मला जीवांची फार आवड आहे, हा त्यावरचा बचाव होऊ शकत नाही, कारण बैल बांधणाऱ्यालाही बैलाची आवडच असते.

तथापि हा विचार येथेच थांबला असता तर तो निव्वळ निषेध झाला असता. श्रावकाचाराच्या टीकाकारांनी बंधाचे दोन प्रकार मानले, सापेक्ष आणि निरपेक्ष. जनावर बांधणे प्राप्तच असेल तर दावे असे सैल असावे की गोठ्याला आग लागली असता ते सोडता यावे व जनावराला निसटता यावे. हा सापेक्ष बंध. करकचून आवळून, पुढे काय होईल याची फिकीर न करता बांधणे हा निरपेक्ष. हा भेद मला अतिशय मार्मिक वाटतो, कारण त्यात बांधणाऱ्याच्या भावनेची चौकशी नाही, गाठीची आहे. टाकीतल्या झिंग्याची गाठ कोणती? ओढ्यातला झिंगा पाणी बिघडले तर प्रवाहाबरोबर सरकतो, ऊन झाले तर दगडाआड जातो. टाकीतल्याला त्याच पाण्यात राहावे लागते. म्हणून येथे सैल दावे म्हणजे दाट शेवाळ, पाण्यात कुजत पडलेली चार वाळकी पाने, लपायला सांदीकोपरे, आणि जीवांच्या मानाने पुष्कळसे पाणी. कात टाकल्यानंतर झिंग्याचे अंग मऊ पडते व नवे कवच घट्ट होईपर्यंत तो दडून बसतो. त्या वेळी त्याला दडायला जागा नसणे हाच निरपेक्ष बंध. शोभेसाठी निळे खडे आणि एक प्लास्टिकचा किल्ला घालून बाकी सारी टाकी लखलखीत मोकळी ठेवणारे सद्गृहस्थ मी पाहिले आहेत. त्यांच्या मनात क्रौर्याचा लवलेश नसतो. पण चौकशी गाठीची आहे.

मग सोडूनच का देऊ नये, असे कोणी विचारील. चक्रधरस्वामींच्या लीळांमध्ये पारध्यांनी पाठलाग केलेला ससा त्यांच्या मांडीखाली आसऱ्याला येतो आणि स्वामी त्याचे रक्षण करतात, ही कथा महाराष्ट्राला परिचित आहे. भय सरल्यावर तो ससा आपल्या रानात जाऊ शकत होता. चेरी झिंग्याला असे रान नाही. त्याचे पूर्वज चीन व तैवानच्या ओढ्यांतले, मातकट व पारदर्शक रंगाचे. हा तांबडा रंग मनुष्याने पिढ्यानपिढ्या निवड करून आणलेला आहे. जो शरण आला त्याच्या रक्षणाचे पुण्य मोठे. परंतु जो आला नसून आणला गेला, आणि ज्याला परत जायला ठिकाणच उरलेले नाही, त्याच्या पालनात पुण्याचा प्रश्नच येत नाही, ते ऋण असते.

ऋण फेडायचे तर ते किती आहे हे ठाऊक हवे, आणि नेमकी येथेच नुसती भावना कामाला येत नाही. दुर्गजवळ नगपुरा येथे पार्श्वनाथांचे उवसग्गहरं तीर्थ आहे, भिलाईची पुष्कळ मंडळी तेथे जातात. पार्श्वनाथांच्या चरित्रातील प्रसिद्ध प्रसंग असा की, कमठ नावाचा तापस पंचाग्निसाधन करीत बसला असता राजपुत्र पार्श्व तेथे आले आणि त्यांनी धुनीतले एक जळते लाकूड फोडविले. आत होरपळणारा साप निघाला. हा प्रसंग करुणेचा म्हणून सांगितला जातो, तो ज्ञानाचा आहे याकडे मात्र दुर्लक्ष होते. कमठ दुष्ट नव्हता, तो तप करीत होता. लाकडात जीव आहे हे त्याला माहीत नव्हते, एवढाच त्याचा दोष. दशवैकालिक सूत्रात आधी ज्ञान व मग दया असा जो क्रम घालून दिला आहे त्याचे मर्म हेच असावे. कुत्रा कळवळून ओरडतो, गाय हंबरते, म्हणून त्यांच्या बाबतीत ज्ञानाची उणीव कानांनी भरून निघते. गोगलगाय ओरडत नाही, म्हणून तिच्या बाबतीत दयेला रसायनशास्त्राच्या दारातूनच यावे लागते.

उदाहरणार्थ तांबे. तांब्याच्या कलशात रात्रभर ठेवलेले पाणी आपण आरोग्यदायक म्हणून पितो आणि तीर्थ म्हणूनही घेतो. तेच पाणी श्रद्धेने टाकीत ओतले तर झिंग्यांच्या जिवावर बेतू शकते. माशांच्या रोगावर दुकानदार जी औषधे देतात त्यांपैकी काहींत मोरचूद असते, आणि मोरचूद हे गोगलगायी मारण्याचे जुने साधन आहे. गंमत अशी की झिंग्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचे काम तांबेच करते. हवे तितके तांबे तो अन्नातून घेतो, पाण्यात जरा अधिक झाले की मरतो. उलट रॅम्सहॉर्न गोगलगाईचे रक्त आपल्यासारखे लोहयुक्त व तांबडे असते. दल्ली-राजहराच्या ज्या लोखंडाचे रूळ भिलाईतून साऱ्या देशभर गेले, तेच लोखंड जैनांनी दोन इंद्रियांचा मानलेल्या या जीवाच्या अंगातही फिरते आहे, हे प्रथम वाचले तेव्हा मी कितीतरी वेळ टाकीपाशी बसून होतो.

चुन्याचेही तसेच. पाणी फार मृदू असेल तर गोगलगाईचे कवच झिजते, त्यावर पांढरे खड्डे पडतात, आणि झिंग्याला नवे कवच धरता येत नाही. म्हणून कोणी समुद्रफेस घालतात, कोणी अंड्याची टरफले, कोणी चुनखडीचे दोन खडे. आमच्याकडे चुनखडीला तोटा नाही, भिलाईच्या भट्ट्यांना ती जवळच्या नंदिनीच्या खाणीतून मिळत आली. या भागातील चुनखडीत सूक्ष्मजीवांच्या थरांनी घडलेल्या, शंभर कोटी वर्षांच्या घरातल्या रचना सापडतात. पृथ्वीवर एकही शंख अथवा शिंपला नव्हता तेव्हाचा तो चुना आज माझ्या गोगलगाईच्या पाठीवर चढतो आहे. आणि नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे ते नऊ दिवस. मेअखेरीस दुर्ग-भिलाईचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळिसाला टेकतो. वीस अंश उष्णतेच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांच्या पाण्यात साडेसात, म्हणजे देहाला गरज वाढते त्याच वेळी पुरवठा घटतो. त्या दिवसांत पाण्याच्या पृष्ठावर पंखा सोडणे, टाकीभोवती ओले फडके गुंडाळणे, झाकण काढून ठेवणे ही कामे बाहेरून पाहणाऱ्याला छांदिष्टपणाची वाटतात. व्रताच्या भाषेत ती अन्नपाननिरोध टाळण्याची कामे आहेत, कारण पाण्यात राहणाऱ्याचे श्वसनही पाण्यातच असते.

या जीवांना वेदना होते काय, हा प्रश्न मी मुद्दामच मागे ठेवला, कारण त्याचे उत्तर मिळेपर्यंत कर्तव्य तहकूब ठेवण्याची मनुष्याला फार हौस असते. जैन गणनेत शंख-शिंपल्यांना स्पर्श व रसना अशी दोनच इंद्रिये. ते असंज्ञी, म्हणजे मनरहित, तरीही वेदनेचे भोक्ते. प्राणिशास्त्र म्हणते की पाण्यातल्या गोगलगाईला शिंगांच्या बुडाशी डोळे असतात आणि पाण्यातला गंध तिला चांगला कळतो. तेव्हा दोनाचा आकडा चुकला. चुको; ती गणना करणाऱ्यांनी तिला गणनेत घेतले, आणि पाश्चात्त्य तत्त्वचिंतकांना या पंगतीपर्यंत यायला विसावे शतक उजाडावे लागले. पीटर सिंगरने १९७५ साली प्राणिमुक्तीवर ग्रंथ लिहिला तेव्हा वेदनेची सीमा झिंगा आणि कालव यांच्या दरम्यान कोठेतरी असावी असे त्याने ठरविले, आणि पुढच्या आवृत्तीत त्यालाच ती खाली सरकवावी लागली. २००८ साली बेलफास्टच्या संशोधकांनी झिंग्यांच्या मिशीला आम्ल लावले असता ते तीच मिशी पुन्हा पुन्हा चोळत राहिले, आणि बधिरतेचे औषध आधी लावले असता हे चोळणे कमी झाले, असे नमूद केले. ब्रिटनच्या २०२२ च्या कायद्याने झिंगे, खेकडे व अष्टपाद यांना संवेदनशील म्हणून दाखल करून घेतले. गोगलगाय मात्र वेशीबाहेरच राहिली. आमच्या संसदेने १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला, त्यात प्राणी म्हणजे मनुष्येतर कोणताही जिवंत जीव, अशी सरसकट व्याख्या आहे, आणि हालचालीस पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात वा पात्रात प्राणी कोंडणे हा त्याखाली गुन्हा आहे. कोणत्याही फौजदाराने गोगलगाईसाठी पंचनामा केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पण कागदावर ती आमच्याकडे वेशीच्या आत आहे.

आता प्रमादाविषयी. तत्त्वार्थसूत्राप्रमाणे हिंसेचे लक्षण केवळ प्राण जाणे हे नाही, प्रमादाच्या योगाने प्राण जाणे हे आहे. मनूनेही गृहस्थाच्या घरातील पाच वधस्थाने सांगितली, चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. परंतु घड्यावाचून संसार चालत नाही, म्हणून त्या हिंसेला भूतयज्ञादिकांचे प्रायश्चित्त लावून दिले. टाकीवाचून कोणाचेही अडत नाही, म्हणून तिच्यातील प्रमादाला ती सवलत मागता यायची नाही. आणि गोगलगाय हा प्रमाद लपू देत नाही. १८५० साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने आपला प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात दोन सोनमासे व एक पाणवनस्पती यांचा मेळ बसता बसत नव्हता. कुजलेल्या पानांनी पाणी गढूळ होई. त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या, त्यांनी कुजके खाऊन टाकले, आणि पाणी निवळून टिकले. म्हणजे घरगुती मत्स्यालयाच्या जन्मवेळी सुईणपण गोगलगाईने केले. तिचा स्वभाव तेव्हापासून तोच: जेवढे उष्टे तेवढी प्रजा. माशांना व झिंग्यांना खाणे अधिक पडू लागले की महिन्याभरात काचेवर अंड्यांचे चिकट ठिपके व मग शेकडो पिल्ले दिसतात, आणि मालक वैतागून म्हणतो, या कार्ट्यांचा उपद्रव झाला. वास्तविक ती शिरगणती त्याच्याच हातून पडलेल्या अन्नाची जमाखर्चाची वही असते. मग कोणी त्या चिरडतो, कोणी मोरचूद घालतो, कोणी गोगलगायी खाणारी दुसरी गोगलगाय आणून आपले हात स्वच्छ ठेवतो. खाणे निम्मे केले असते तर काही आठवड्यांत संख्या आपोआप उतरली असती. न जन्मलेल्या जीवाची हिंसा कोणाच्याही खाती पडत नाही.

आमच्या शेजारच्या छत्तीसगढी बाईंना ही सारी मीमांसा ऐकून हसू येते. त्यांच्या माहेरी उन्हाळ्यात तळ्याचे पाणी उतरले की बायका चिखलातून घोंघी वेचून आणतात, उकडून, मसाल्यात शिजवून खातात. आणि मी तसल्याच जीवाला पालकाचे उकडलेले पान भरवतो. त्यांच्या हसण्यात तथ्य आहे. ती घोंघी, म्हणजे पायला, उन्हाळ्यात चिखलात दार लावून पडते, पावसाळ्यात उठते, कल्ला व फुप्फुस दोन्हींनी श्वास घेते, आणि ज्या दिवशी वेचली जाते त्या दिवसापर्यंत कोणाचीही बांधील नसते. तिच्या वाट्याला वध येतो, बंध येत नाही. माझ्या गोगलगाईला बंध आहे, वध नाही. या दोहोंत मला वरचढ ठरवा, असा आग्रह मी तरी धरणार नाही. एवढेच म्हणेन की वेचणारीला घोंघीचे हंगाम, ठाव आणि सवयी माझ्याहून चांगल्या ठाऊक आहेत, आणि ज्ञान आधी हा क्रम मानायचा तर या बाबतीत ती माझ्या पुढे आहे.

खरा अपराध मला या दोन्हींहून निराळ्याच ठिकाणी दिसतो, आणि तो दयेच्या नावाने होतो. टाकीचा कंटाळा येतो, बदली होते, क्वार्टर सोडावे लागते; तेव्हा मालक बादली घेऊन जवळच्या तळ्यावर जातो आणि सारे जीव पाण्यात सोडून, मुक्त केल्याच्या समाधानाने परततो. उत्तर अमेरिकेची फायसेला ही फोडासारख्या शंखाची चिमुकली गोगलगाय आज भारताच्या पाण्यांत रुळली आहे. तिला सोबती लागत नाही, एकटीच अंडी घालू शकते. आपल्या तळ्यांतली देशी चकती-गोगलगाय, इंडोप्लॅनॉर्बिस, गुरांच्या रक्तातील व नाकातील पर्णकृमींची वाहक आहे. बाहेरच्या गोगलगायींबरोबर आणखी काय येईल हे बादली ओतणाऱ्याला माहीत नसते. कमठाला लाकडातला साप माहीत नव्हता, तसेच हे. विदर्भातले मामा तलाव काय आणि छत्तीसगढच्या गावोगावची तळी काय, त्यांत माणसे धुतात, गुरे पितात, घोंघी वेचली जाते. ते कोणाच्या सुटकेच्या समाधानाचे उकिरडे नव्हेत.

म्हणून दुर्ग-भिलाईच्या आणि नागपूर-भंडाऱ्याच्याही टाकीवाल्यांना माझी विनंती अशी की, नवे जीव आणण्यापूर्वी टाकी महिना-दीड महिना जीवांवाचून चालू ठेवावी, म्हणजे अमोनियाचे नायट्राइट व त्याचे नायट्रेट करणारे जंतू तीत वस्ती करतील. नळाच्या पाण्यातले क्लोरीन उडवल्याशिवाय ते ओतू नये. आणि टाकी मोडायची झाली तर जीव दुसऱ्या पाळणाऱ्याच्या स्वाधीन करावेत, तळ्यात, नाल्यात किंवा शिवनाथ नदीत सोडू नयेत, व टाकीचे पाणीही तळ्यात न ओतता बागेतल्या मातीत जिरवावे.